साकवापर्यंत राहिलेली चव

दापोली

दापोलीच्या स्टँडवर एस.टी.तून उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत सहा ग्लास होते. वाईनचे, लांब दांड्याचे, एकेक जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला. एका बाटलीची चव घ्यायला जो माणूस नाशिकहून सहा ग्लास घेऊन निघतो त्याच्या अकलेबद्दल काय बोलावं! त्यातला एक महाडच्या आसपास फुटला होता. पिशवीत हात घातल्यावर काच बोटात गेली तेव्हा ते कळलं.

मी लोकांना वाईन चाखायला शिकवतो. माझा मेव्हणा त्याला ‘दारूची शिकवणी’ म्हणतो. वीस वर्षांपूर्वी सुरुवात केली तेव्हा दहा खुर्च्या भरायची मारामार. आता पुण्या-मुंबईत तिशीतली मुलंमुली आठवडाभर आधी जागा धरून ठेवतात. त्यांना फ्रान्सशी काही देणंघेणं नसतं. थाई करीबरोबर काय प्यावं, सुशीबरोबर काय, मोमोच्या लाल चटणीपुढं कुठली वाईन टिकेल, हे त्यांचे प्रश्न. सगळ्या आशियातच ही हवा आहे. चिंच, नारळ, मिरची खाणारी माणसं आता आपल्या ताटाशेजारी ग्लास ठेवून बघतायत. मीही त्या हवेबरोबर बराच वर गेलो, हे कबूल करायला हवं.

शिकवणीत मी एक गोष्ट न चुकता सांगतो. वाईन गिळल्यावर मनात आकडे मोजा. चव तोंडात किती वेळ रेंगाळते ते बघा. पाचाला गेली तर साधी, दहाला गेली तर बरी. वीसपर्यंत राहिली तर ग्लास खाली ठेवून दोन मिनिटं गप्प बसा. वास-बिस सगळं नंतर, खरी परीक्षा ही.

हे मोजणं मला अनंतानं शिकवलं. दापोलीला शेतीच्या कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. तो केळशीचा, मी निफाडकडचा, म्हणून तो मला ‘द्राक्ष्या’ म्हणायचा. हापूसच्या फोडी तोंडात टाकून तो डोळे मिटायचा आणि बोटांवर मोजायचा. “ही अकरा राहिली रे. कातळावरची आहे. ती मघाची भाटातली, खालच्या सपाट जमिनीतली, सातात गेली.” मी त्याला वेडा ठरवला होता. पुढं त्याच वेडावर मी पोट भरलं.

शिक्षण संपल्यावर अनंता केळशीला बाग बघायला परतला आणि काही वर्षांनी त्यानं कातळावरच्या करवंदांची वाईन घालायला घेतली. घरापुरती, चवीपुरती. जमली तर परवाना काढू म्हणायचा. मी माझ्या शिकवण्यांतल्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्याला एस.टी.नं पाठवायचो. माझी मदत तेवढीच. बाकी मी त्याची चेष्टाच केली. “वाईन द्राक्षाची असते, अनंता. बाकी सगळी सरबतं.” असं मी त्याला फोनवर म्हणालो होतो आणि तो खो खो हसला होता. “तुझी द्राक्षाची आमच्या तिरफळाच्या कालवणापुढं मान खाली घालून बसते रे, द्राक्ष्या. करवंदाची उलटून उत्तर देते. येऊन बघ तर खरं.”

चार वर्षं तो ‘येऊन बघ’ म्हणत होता. दर वर्षी माझ्यासाठी एक बाटली बाजूला काढायचा आणि वाट बघून बघून पुढच्या हंगामाआधी पिऊन टाकायचा. चौथ्या वर्षी मी नक्की येतो म्हणालो. तेवढ्यात बँकॉकचं बोलावणं आलं. तिथं एका मोठ्या हॉटेलात आंबट-तिखट मासळीबरोबर कोणती वाईन लावावी यावर मी दोन तास बोललो. टाळ्या पडल्या. अनंताला कळवलं, पुढच्या साली येतो. तो म्हणाला, मग या खेपेची बाटली पीत नाही, तुझ्यासाठी ठेवतो.

भाद्रपदात तो गेला. बागेतून आला, ओटीवर बसला, पाणी मागितलं. वहिनी तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत संपलं होतं. दहाव्याला मी गेलो नाही. काम होतं, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे जायला तोंड नव्हतं.

मग या फेब्रुवारीत वहिनींचा फोन आला. अनंता गेला त्या वर्षी मे महिन्यात घातलेल्या बरण्या त्याच्या मागे लक्ष न राहिल्यानं आंबून गेल्या, त्या त्यांनी ओतून टाकल्या. पण आदल्या सालची एक बाटली बागेतल्या विहिरीच्या कोनाड्यात आहे. “तुमच्यासाठीच ठेवलेली, भाऊजी. तुम्ही या आणि चव घेऊन सांगा. चांगली असली तर कातळावरच्या करवंदाच्या जाळ्या ठेवू, मुग्धा बघेल पुढचं. नसली तर पावसाआधी जेसीबी लावून जाळ्या काढते आणि काजूची कलमं लावते. मला ह्यातलं कळत नाही. ह्यांचा भरवसा तुमच्या जिभेवर होता.”

मुग्धा म्हणजे अनंताची मुलगी. दापोलीत एका रोपवाटिकेत काम करते. स्टँडवर तीच घ्यायला आली. बोटाला बांधलेला रुमाल बघून हसली आणि हसताना अगदी बापासारखी दिसली. “काका, खरं खरं सांगाल ना?” तिनं विचारलं. “बाबांचा मित्र म्हणून नका सांगू.” मी म्हटलं, जिभेशी मी खोटं बोलत नाही. मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

केळशी

आमच्याकडे नाशिकला पाहुणा आला की आधी चहा आणि मग ‘काय म्हणता’. केळशीत आधी पाय धुवायला पाणी, मग गुळाचा खडा, आणि मग कोणीच काही विचारत नाही. तुम्ही बोलाल तेव्हा बोलाल. अनंताच्या ओटीवर मी असा अर्धा तास गप्प बसलो. समोर रिकाम्या बाटल्यांची रांग होती, माझ्याच पाठवलेल्या. काहींवर अजून जुन्या लेबलांचे कपटे होते. तो नेमका कुठं बसला होता ते मी विचारलं नाही. आपण त्याच जागी तर बसलो नाही ना, या विचारानं तीनदा सरकून बसलो.

दुपारी वहिनींनी बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण केलं. वाटीभर कालवण, तांदळाची भाकरी, शेजारी सोलकढी. तिरफळ जिभेला मुंग्या आणतं, हे वाचून माहीत असतं. प्रत्यक्षात ते आधी ओठ बधिर करतं आणि मग मागून नारळाचं वाटण येऊन समजूत घालतं. तोंडात घास होता आणि मी मनातल्या मनात माझ्या ओळखीच्या सगळ्या वाईनी एकेक करून त्यापुढं उभ्या केल्या. सगळ्या खाली माना घालून बसल्या. अनंता शंभर टक्के बरोबर होता आणि हे त्याला सांगायची सोय उरली नव्हती.

“संध्याकाळी परत हेच करते,” वहिनी म्हणाल्या. “ते म्हणायचे, चव घ्यायची तर ह्याच्याबरोबर. तुम्ही बाटली घेऊन या बागेतून. मी तिकडं गेले नाही अजून.”

त्यांनी हे अगदी सहज सांगितलं. सहा महिने त्या बागेत गेल्या नव्हत्या. बागेची सगळी राखण-शिंपण धाकूतात्या बघत होते. हे धाकूतात्या अनंताच्या वडिलांच्या वेळेपासूनचे गडी. सत्तरी ओलांडलेले, पायात वहाण नाही, कमरेला कोयती.

कातळ

बाग गावाच्या वर, अर्ध्या तासाच्या चढावर. खाली आंबा, त्याच्या वर काजू आणि सगळ्यात वर उघडा काळा कातळ. त्या कातळाच्या फटींतून करवंदाच्या जाळ्या. मार्च लागला होता. जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्या होत्या. करवंदाला फुलं येतात हे मला कॉलेजात शिकवलेलं, पण त्यांना असा वास असतो हे मी विसरलो होतो. नाकावर जगणारा माणूस मी, आणि हा वास माझ्या वहीत कुठंच नव्हता. मुग्धा पुढं चालत होती. या जाळ्या राहायच्या की जायच्या हे माझ्या हातात आहे, हे मला त्या क्षणी फार जड वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. आपल्या मताला एवढं वजन आहे याचा आनंद मला अशा वेळीही झाला, हे लिहिताना लाज वाटते.

विहीर चिऱ्यांनी बांधलेली. आत उतरायला पायऱ्या आणि पाण्याच्या वर हातभर अंतरावर कोनाडा. भर दुपारी तिथं अंगावर काटा यावा इतका गारवा. मी वाकून हात घातला. कोनाडा रिकामा होता. मुग्धानंही हात घालून पाहिलं. एक ओलं पान निघालं.

धाकूतात्या वर कठड्यापाशी उभे होते. मुग्धानं विचारलं, “तात्या, बाटली कुठाय?”

“ती व्हय? ती पौषात राखणदाराला दिली.”

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. इथं प्रत्येक बागेला एक राखणदार असतो. न दिसणारा. त्याचा एक दगड असतो आणि त्या दगडाभोवतीच्या झाडाझुडपाला कोणी कोयती लावत नाही. मोहोर आला की त्याला वर्षाची राखण द्यायची. कोंबडा, विडी आणि दारू. पुरुषमाणसांनी जायचं, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्यानं मागणं मागायचं, दारू दगडावर ओतायची आणि तळाशी राहील ती घोटभर प्रसाद म्हणून घ्यायची.

माझा तोल गेला. मी विहिरीतूनच ओरडलो, “अहो, ती माझ्यासाठी ठेवलेली होती! तुम्हाला माहीत नव्हतं?”

“म्हायती व्हतं की.” म्हातारा शांत होता. “मालक मलाच म्हनले व्हते, ही नाशिकवाल्या दोस्ताची.”

“मग?”

“मंग काय वो? पयली बाटली राखणदाराची, ह्यो मालकांचाच नेम. दर सालाला पयली त्येला, मंग बाकीच्यांना. गावठी न्हाय द्यायची म्हनायचे, आपन जी पिनार तीच त्येला. औंदा एकच र्‍हायली. एकच आसंल तर ती पयलीच ना?”

मी पायऱ्या चढून वर आलो. अजून घुश्शातच होतो. म्हटलं, “निदान विचारायचं तरी होतं. दुसरी काही दारू दिली असती.”

“मालक गेल्यावं पयल्या साली त्येला खोटं घालू?” तात्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. आवाज जराही चढला नाही. “तुमी चार वर्सं येनार व्हताव, सायब. त्यो हितंच व्हता.”

मी कठड्यावर बसलो. मुग्धा तोंड फिरवून जाळ्यांकडं बघत होती. तिचे खांदे हलत होते, म्हणजे ती रडत होती.

मग माझ्यातला मास्तर जागा झाला. मला वाटलं, निदान बाटली तरी असेल. तळाशी, बुचाला काही वास राहतो. पुष्कळ कळतं त्यावरून. तात्यांचं खोपटं बागेच्या टोकाला. त्यांच्या बायकोनं फडताळातून बाटली काढून दिली. राखेनं घासून लख्ख केलेली आणि गळ्यापर्यंत कोकमाचं आगळ भरलेलं. बूच चुलीत गेलं होतं. “चांगली काच हाय वो, टाकवत न्हाय,” ती माउली म्हणाली. नाशिकहून मीच पाठवलेली बाटली. मी ती हातात धरून उभा राहिलो आणि मला रडावं की हसावं कळेना.

“तात्या,” मी विचारलं, “प्रसाद तुम्ही घेतलात ना? मग चव कशी होती?”

ते संकोचले. कोणी त्यांना असं कधी विचारलं नसणार. मी दहादा विचारल्यावर जमिनीवर उकिडवे बसले आणि डोळे मिटून आठवू लागले.

“आदी झोंबली. चांगली झोंबली. मंग करवंद आला. पिकल्याला न्हाय, आर्दा कच्चा आसतो बगा, लाल. मंग जाळीत हात घातल्यावं चीक लागतो बोटास्नी, तसा वास. ग्वाड न्हवती. पन सोडंना.”

“सोडेना म्हणजे?”

“गिळली तरी तोंडात व्हती की.”

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. “किती वेळ?”

“आता किती वेळ कसा सांगू? दगडापासनं निगालो, तो खाली साकवापरेंत गेलो. तितपरेंत व्हती.”

मी त्यांना म्हटलं, चला. मला दाखवा.

राखणदाराचा दगड कातळाच्या कडेला, फुललेल्या जाळ्यांच्या मधोमध. साधा चिरा, वर शेंदूर, बाजूला जुन्या विड्यांची थोटकं. तात्या तिथं उभे राहिले, एक घोट गिळल्यासारखं केलं आणि चालू लागले. मी मागं आणि मनात आकडे. पाचाला आम्ही जाळीच्या बाहेर आलो. दहाला अजून कातळावरच. वीस झाले तेव्हा माझ्याच नियमानं गप्प बसायला हवं होतं. पण तात्या चालतच होते, म्हाताऱ्या माणसाच्या धिम्या चालीनं, पाय जपून टाकत. काजू गेले. आंबे लागले. एका आंब्याशी थांबून त्यांनी वाळकी फांदी मोडली आणि परत चालू लागले. साठ, ऐंशी, शंभर. माझ्या उभ्या आयुष्यात शंभरापर्यंत राहिलेली वाईन मी चाखलेली नाही. पुढं पायवाट घसरणीची झाली आणि माझे आकडे चुकले. दीडशेनंतर मी मोजणं सोडून दिलं. डोळ्यांपुढं धूसर झालं होतं, वाट दिसत नव्हती.

खाली वहाळावर दोन माडांचे सोट टाकून केलेला साकव आहे. त्याच्या मध्यावर तात्या थांबले.

“हितं गेली.”

मग थोडं पाण्याकडं बघून म्हणाले, “पन सायब, खरं सांगू काय? मालकांशिवाय पयल्यांदाच राखण दिली. गाऱ्हाणं घालताना त्यांचाच आवाज कानात. म्हनून र्‍हायली आसंल. दारू कुठं यवढी र्‍हाते?”

केळशी, संध्याकाळी

वहिनींनी कालवण परत केलं होतं. मी पाच ग्लास पिशवीतच ठेवले. पानावर बसल्यावर सगळं सांगितलं. वहिनी तात्यांवर रागावल्या नाहीत. “बरोबर केलान तात्यानं,” एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, “म्हणजे चांगली होती?”

“तात्या सांगतात त्यावरून फार चांगली असणार.”

“तुम्ही सांगा, भाऊजी.”

मुग्धा माझ्याकडं बघत होती. ‘होती’ म्हणायला एक शब्द पुरे होता. पण दापोलीच्या स्टँडवरचा माझा तोरा आडवा आला. की खरेपणा आडवा आला? मला अजून ठरवता येत नाही. मी म्हटलं, “मी चाखलेली नाही, वहिनी. मला सांगता येणार नाही.”

त्यांनी माझ्या वाटीत आणखी कालवण वाढलं. “तात्याची जीभ खोटं बोलायची नाही,” त्या म्हणाल्या. “पण ही एकटी पोर. ह्यांनी कृती कुठं लिहून ठेवली नाही. तुमचा शब्द आला असता तर मीही हिंमत केली असती. आता कशाच्या जिवावर करू?” त्या रागानं बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मुग्धा ताटावरून उठली नाही, पण जेवलीही नाही.

परतल्यावर

एप्रिलच्या शेवटी मुग्धाचा निरोप आला. जेसीबी येऊन गेला. काजूची कलमं पावसात लागतील. राखणदाराच्या दगडाभोवतीच्या जाळ्या तेवढ्या राहिल्या, कारण त्यांना हात लावायला जेसीबीवालाही तयार झाला नाही. मे महिन्यात त्या जाळ्यांना टोपलीभर करवंदं आली. मुग्धानं वाईन घालून पाहिली नाही. वहिनींनी लोणचं घातलं आणि एक बरणी मला पाठवली. ती मी अजून उघडलेली नाही.

शिकवण्या चालूच आहेत. गेल्या महिन्यात पुण्यात एका मुलीनं आकडे मोजायच्या खेळात हात वर केला. “सर, तुमच्या आठवणीत सगळ्यात जास्त वेळ राहिलेली कोणती?”

मी म्हटलं, “केळशीची. करवंदाची. दगडापासून साकवापर्यंत.”

सगळे हसले. त्यांना वाटलं, सर गंमत करतायत. ती मुलगी मात्र वही उघडून बसली होती. “ती कुठं मिळेल?”

“मिळणार नाही,” मी म्हटलं. “एकच बाटली होती. मी वेळेवर गेलो नाही.”